गाऱ्हाण्यातलं शेवटचं नाव

सुगंधा घाडीला डोंगर अजिबात आवडत नसत, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. घाटकोपरच्या भटवाडीत, जिथे रस्ता संपून पायऱ्या लागतात आणि पायऱ्या संपून नुसती चढण उरते, तिथे तिची खोली. लग्न होऊन कणकवलीकडच्या गावातून ती इथे आली तेव्हा नळ खाली होता आणि खोली वर. एक हंडा डोक्यावर, एक कळशी कमरेवर, असा तिने रोज डोंगर चढला. दळण आणायचं तर चढ, रॉकेल आणायचं तर चढ, पोर तापलं की त्याला घेऊन उतार आणि मग पुन्हा चढ. नळ वर आला तोवर तिचं अर्धं वय पाणी भरण्यात गेलं होतं. अशा बाईला कोणी सांगितलं की लोक रविवारी हौसेने डोंगर चढायला जातात, तर तिने त्याच्या डोक्याची काळजीच करायची. पण हे सांगणारा तिचा नवरा होता. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं ती काही बोलली नाही. पुढे मात्र सगळं बोलली.

लवू घाडी परळच्या एका मिलमध्ये साच्यावर कापड विणायचा. अंगाने किरकोळ, पाय बायकांसारखे लहान, आवाज मात्र देवळाच्या घंटेसारखा. आठवडाभर कापूस खातो, एक दिवस वारा खाऊन येतो, असं त्याचं म्हणणं. त्याच्यासारखेच आणखी काहीजण होते. पोस्टात काम करणारा गुणाजी परब हा त्याच्याच गावचा. मालाडच्या एका ऑफिसात टायपिस्ट असलेला नंदकिशोर. मुलुंडहून येणारी प्रेमा जोशी, ही शाळेत भूगोल शिकवायची आणि घरच्यांचा विरोध पत्करून यायची. आणखी चार-पाच जण येऊन-जाऊन. त्यांच्या घोळक्याला भटवाडीत डोंगरमंडळ म्हणत, आणि म्हणताना हसत.

या मंडळाच्या दोन रीती होत्या आणि दोन्ही लवूने घातलेल्या. पहिली अशी, की पुढे कोणीही चालो, सगळ्यांच्या शेवटी लवू चालणार. जो थकेल, ज्याचा पाय मुरगळेल, ज्याला उगाच आभाळाकडे बघत बसावंसं वाटेल, तो लवूच्या पुढे असला पाहिजे. मागे नाही. पुढे चालणारा गुणाजी मधूनमधून थांबून ओरडे, "मागे कोण?" आणि कितीतरी खालून उत्तर येई, "मागे कोण नाय." ते आलं की सगळे पुन्हा चालू लागत.

दुसरी रीत गाऱ्हाण्याची. लवूच्या घराण्याकडे गावात गाऱ्हाणं घालण्याचा मान. कोणी नवं घर बांधो, होडी पाण्यात घालो की परगावी निघो, देवापुढे उभं राहून त्याच्या वतीने बोलायचं ते घाड्याने. मोठा डोंगर असला की आधीच्या रविवारी मंडळ भटवाडीच्या वर, पाण्याच्या टाकीपाशी जमे. तिथे शेंदूर लावलेला एक दगड होता. लवू नारळ घेऊन त्याच्यापुढे उभा राही, डोंगराच्या राखणदाराला हाक मारी आणि जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव घेई. प्रत्येक वाक्याला बाकीचे म्हणत, "व्हय म्हाराजा." ज्याचं नाव गाऱ्हाण्यात आलं त्याने जायचं म्हणजे जायचं, आणि ज्याचं आलं नाही त्याने घरी बसायचं. मग डोंगर उतरण्याआधी शेवटच्या माथ्यावर तीच नावं पुन्हा घेऊन राखणदाराला सांगायचं, की बाबा, सगळी आली. प्रेमा जोशीला सुरुवातीला यात गंमत वाटे. एकदा धुक्यात वाट हरवून सापडल्यावर ती सगळ्यात मोठ्याने व्हय म्हाराजा म्हणू लागली.

गाऱ्हाण्यात लवू स्वतःचं नाव शेवटी घेई. "आणि शेवटाक चलतलो लवू." सुगंधा मात्र हे नाव कुठेच घेत नसे. लग्नात उखाण्यातून एकदा घेतलं, त्यानंतर नाही. रेशनच्या दुकानात कोणी विचारलं तर शेजारच्या रुक्मिणीला कोपर मारून पुढे करी. ती "हे" म्हणे, "आमचे" म्हणे, मुलगी झाल्यावर "मीराचे बाबा" म्हणे. आपल्या गावात जन्माला आलेल्या बाईने जे करायचं तेच ती करत होती.

टाकीजवळून, हवा स्वच्छ असली की, सकाळी पूर्वेला एक रांग दिसायची. खाडीपलीकडे, पारसिकच्या डोंगराच्याही मागे, निळसर. डावीकडे चंदेरीचा सुळका, मग म्हैसमाळ, नाखिंद, पेब, आणि शेवटी माथेरानचं सपाट पठार. लवूने यातला एकेक डोंगर वेगवेगळ्या वर्षी पाहिला होता. पण चंदेरीपासून पेबपर्यंतची सगळी रांग, डावीकडून उजवीकडे, धारेवरून, एका दिवसात चालायची, हे त्याचं स्वप्न. दरवर्षी ते ठरे आणि दरवर्षी मोडे. एका वर्षी मीराचं लग्न. एका वर्षी म्हातारी आई गेली. मग संप आला आणि स्वप्नाचं नाव काढायचीही कोणाला लाज वाटू लागली. मिल उघडलीच नाही. लवू साकीनाक्याच्या एका गाळ्यात पितळी नळ घासायच्या कामाला लागला. तिथे कापूस नव्हता, पितळेची धूळ होती.

त्याच्या छातीत दुखणं शिरलं ते तिथे. आधी नुसता खोकला होता. मग पायऱ्यांवर मधे थांबणं आलं, ते तो चप्पल नीट करण्याच्या निमित्ताने करी. सुगंधा वरून बघत असे. चप्पल किती वेळा बिघडते ते तिला कळत होतं. शेवटी एके दिवशी तो अर्ध्या चढणीवर बसला तो उठेचना, आणि रुक्मिणीच्या दोन मुलांनी त्याला उचलून वर आणलं. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी फोटो काढून पाहिला आणि सुगंधाला बाजूला घेऊन सांगितलं, की या छातीवर आता भार नको. चढ तर नकोच. डोंगराचं त्यांना काही माहीत नव्हतं. ते जिन्याबद्दल बोलत होते.

तेवढं ऐकून माणसाने शहाणं व्हावं की नाही? पण दिवाळी जवळ आली, हवा कोरडी झाली, आणि लवू एका सकाळी टाकीपर्यंत हळूहळू जाऊन रांग बघून आला. येत्या रविवारी मंडळाला घरी बोलावलंय म्हणाला. "औंदा करूक व्हया," एवढंच बोलला. सुगंधाच्या हातातली पोळी तव्यावर वेडीवाकडी पडली.

"कोणी करूक व्हया?" तिने विचारलं. "तुमी जावचास नाय. डाक्टरांनी माका सांगितलाहा."

"मी जावचंय नाय," लवू म्हणाला.

तिचा विश्वास बसला नाही. तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस खोटं बोलला नव्हता, पण डोंगराच्या बाबतीत तो कधी खरंही नीट सांगत नसे. संध्याकाळी येतो म्हणून दुसऱ्या दिवशी येई. तिच्या मनाने घेतलं, की हा जाणार. गाडीत बसेपर्यंत गप्प राहणार, आणि मग त्या धारेवर कुठेतरी, जिथून उचलून आणायला रुक्मिणीची मुलं नाहीत, तिथे बसणार. तिने देवाला हात जोडले नाहीत. ती देवावरही चिडली होती.

मंडळ आलं. दहा बाय बाराच्या खोलीत बसायला जागा नव्हती, तरी लवूने मधली फरशी रिकामी करून घेतली आणि सुगंधाच्या स्वयंपाकातल्या वस्तू मागवल्या. खलबत्त्यातला बत्ता उभा केला, ती चंदेरी. तिच्या सुळक्यावर चढायचं नाही, कडेने नमस्कार करून पुढे. पाटा आडवा टाकला, तो म्हैसमाळ. मग कानाचा एक कप ठेवला, तो नाखिंद, कारण त्या डोंगराला आरपार भोक आहे. त्याच्यापुढे एक वाटी उपडी घातली. तिला नाव नव्हतं. नुसतं टेपाड, पण खडं, असं लवू म्हणाला. शेवटी वरवंटा, तो पेब.

"पेबार टाक्यात पाणी आसता," तो सांगू लागला. "तोवर खंय भरवसो नाय. म्हणान पाणी खालूनच घेवचा. शनवारी संध्याकाळी पायथ्याक जावन देवळात निजायचा, उजाडूच्या आदी चालूक लागायचा. पाट्यार उन लागा नये. कपाकडे भाकरी. ह्या वाटयेक चढूक येळ लागता, ती धरून चला." मधे मधे तो थांबत होता. थांबला की सगळे वस्तूंकडे बघत, त्याच्याकडे नाही.

सुगंधा स्टोव्हपाशी पाठ करून बसली होती. तिला ऐकायचं नव्हतं, पण दहा बाय बाराच्या खोलीत न ऐकायची सोय नसते. तिला वाटण वाटायचं होतं आणि पाट्यावर डोंगर झाला होता. लिंबाचं लोणचं प्रेमाला आवडतं म्हणून ते काढायला तिने वाटी शोधली. सगळ्या वाट्या खरकट्या. तेवढ्यात लवूला खोकल्याची मोठी उबळ आली. गुणाजीने त्याची पाठ चोळली, नंदकिशोर पाणी आणायला उठला. त्या गडबडीत सुगंधाने फरशीवरची उपडी वाटी उचलली, पदराने पुसली आणि लोणचं घालून प्रेमाच्या हातात दिली. खोकला थांबल्यावर बोलणं पुन्हा सुरू झालं ते कपावरून थेट वरवंट्यावर. कोणाच्या ध्यानात आलं नाही. लवू भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता.

असं दोन रविवार चाललं. लवू भिंतीशी पडून असे आणि मांडामांड गुणाजी करी. बत्ता, पाटा, कप, वरवंटा. नंदकिशोर वेळ मांडायचा, गुणाजी पाणी मोजायचा, प्रेमा कोणी कुठे थकेल याचा हिशेब करायची आणि त्यात पहिलं नाव स्वतःचं घालायची. सगळे निघून गेल्यावर सुगंधा डोंगर उचलून जागच्या जागी ठेवी. लवूने घरात एक नवी वस्तू आणली होती, हिरव्या कॅनव्हासचे हंटर शूज. ते पाहून तिची उरलीसुरली शंका फिटली. जायचं नसेल तर माणूस बूट कशाला घेईल?

जाण्याच्या आधीच्या रविवारी मंडळ टाकीजवळ जमलं. सुगंधा पहिल्यांदाच तिथे गेली. कशासाठी, तर लवूच्या तोंडून त्याचं नाव निघालं की सगळ्यांसमोर सांगायचं, की डॉक्टर काय म्हणाले ते ऐका आणि मग याला न्या. अख्ख्या मंडळाला शरम वाटेल असं बोलायची तिने तयारी केली होती. लवूला टाकीपर्यंत यायला फार वेळ लागला. मग तो दगडापुढे उभा राहिला, नारळ दोन्ही हातांत धरला, आणि आवाज लागला तो जुनाच, छातीत काही झालंच नसल्यासारखा.

"बा राखणदारा, डोंगरात असशीत, पाणयात असशीत, वाऱ्यार असशीत, आज तुजी लेकरा तुज्या दाराक इलीहत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"वाट तुजी, पाय तेंचे. काटो लागलो तर काढून घे, वाट चुकली तर वळवन हाड. जी जातली ती परत येवंदेत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"पुढे चलतलो गुणाजी."

"व्हय म्हाराजा."

नावं चालली. नंदकिशोर, प्रेमा, बाकीचे. सवयीने होकार पडत होते. सुगंधाही नकळत सगळ्यांबरोबर म्हणू लागली. लहानपणी गावच्या देवळात म्हणायची तशीच, चालीवर. तिने तोंडात वाक्य तयार ठेवलं होतं. लवूने एकदा श्वास घेतला.

"आणि शेवटाक चलतली सुगंधा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. तीही म्हणाली.

नारळ फुटला. पाणी दगडावरून ओघळलं. गुणाजी खोबरं काढायला वाकला आणि तसाच थांबला. एकेकाच्या लक्षात येत गेलं. लवूचं नाव आलंच नव्हतं, आणि त्याच्याशिवाय जाण्याला त्या सगळ्यांनी एकमुखाने होकार दिला होता. नंदकिशोर म्हणाला, "भाऊ, तुझं राहिलं की." लवूने मान हलवली. "रव्हला नाय," तो म्हणाला आणि टाकीच्या कठड्यावर बसला. प्रेमा जोशीने तोंड फिरवलं. सुगंधाने ठरवलेलं वाक्य बोलायचं कारणच उरलं नव्हतं.

भांडण घरी झालं. "माका न इचारता माजा नाव कसा घातलात?"

"इचारला असता तर नाय म्हटलं असतंस."

"मगे! नायच म्हटलं असतंय. डोंगरातला माका काय कळता?"

"शेवटाक चलणाऱ्याक डोंगर कळूक लागना नाय," लवू म्हणाला. "तेका माणूस कळूक व्हयो. तू कोणाक मागे टाकून गेलंस कदी? मी ह्या चढणीर थांबलंय तेवा तू वरसून बघी होतंस. खाली इलंस नाय, हाक मारलंस नाय, माका चप्पल नीट करूक दिलंस. मी बघलंय ता." एवढं बोलून त्याला धाप लागली. मग त्याने हंटर शूज तिच्यापुढे सरकवले. ते तिच्या मापाचे होते. दोघांचे पाय जवळजवळ सारखे, यावरून भटवाडीत त्यांची चेष्टा होत असे.

तिने आठवडाभर त्याच्याशी धड बोलणं ठेवलं नाही. राग होता, पण रागाखाली दुसरंच काही होतं आणि ते तिला ओळखता येत होतं. इतकी वर्षं हा माणूस डोंगराला जातो म्हणून ती चिडली. आता तो जात नाही म्हणून तिचं काळीज फाटत होतं. त्याने स्वतःच्या हाताने स्वतःला गाळलं होतं, आणि रडून, हट्ट करून नव्हे, देवासमोर ताठ उभा राहून. शुक्रवारी तिने ट्रंकेतून गावचं नऊवारी लुगडं काढलं. शेतात लावणीला नेसायची ते. शनिवारी मालाडहून मीरा बापाजवळ राहायला आली. कासोटा घालून, हंटर शूज घालून आई दारात उभी राहिली तेव्हा मीराला हसू आलं आणि लगेच गेलं.

"मागे कोण नाय असा म्हटल्याबिगर पाऊल उचलू नको," लवूने सांगितलं. दुसरं काही सांगितलं नाही.

रविवारी उजाडायच्या आधी, देवळातून निघून, ते चंदेरीच्या बाजूने चढू लागले. वर धारेवर आल्यावर सूर्य निघाला. एका बाजूला खाली रूळ, नदी, कोवळं ऊन पडलेली शेतं. दुसऱ्या बाजूला दरी आणि तिच्याही पलीकडे, कुठेतरी, भटवाडी. वाट गवतातून, दोन माणसं शेजारी चालू शकणार नाहीत इतकी अरुंद. कुसळं लुगड्यात घुसत होती. सुगंधा शेवटी होती. तिच्या मागे कोणी नाही, नुसता वारा, ही गोष्ट तिला आधी भीतीची वाटली. नंतर वाटली नाही. गुणाजी हाक मारी, "मागे कोण?" आणि ती म्हणे, "मागे कोण नाय." पहिल्यांदा आवाज फुटला नाही. तिसऱ्या-चौथ्यांदा तो दरीत जाऊन परत आला, तेव्हा तिचं तिलाच बरं वाटलं.

चंदेरीला लांबून हात जोडले. म्हैसमाळचं पठार आलं तेव्हा ती मनात म्हणाली, पाटा. ऊन चढण्याआधी तो ओलांडला. नाखिंदच्या भोकातून वारा शीळ घालत होता. तिथे कपाच्या कानाशी बसून भाकरी खाल्ली. सगळं ठरल्याप्रमाणे होत होतं. पाणी होतं, वेळ होता, नंदकिशोर तर झकास म्हणून मोकळा झाला. आता उतरून समोर पेब.

उतरले, वळण घेतलं, आणि समोर पेब नव्हता. समोर एक खडं टेपाड होतं, झाडं नसलेलं, दुपारच्या उन्हात तापलेलं. पेब त्याच्या मागे डोकं काढून उभा होता.

गुणाजी बघतच राहिला. "ह्या खंयसून इला? ह्या ठरवण्यात नव्हता."

"होता," सुगंधा म्हणाली. तिचा घसा कोरडा पडला होता. "ती वाटी आसा. मीच उचलल्लंय. प्रेमाबाईंका लोणचा देवक." आणि मग सगळं सांगून टाकलं.

कोणी हसलं नाही. हसण्याइतकं पाणी कोणाकडे उरलं नव्हतं. वाट तर लागली होतीच. या टेपाडाचा वेळ कोणी धरला नव्हता, आणि पाण्याचा हिशेब कपावरून वरवंट्यापर्यंतचा होता. गुणाजीने खाली बोट दाखवलं. तिथून गुराख्यांची एक वाट गावाकडे उतरत होती. शहाण्या माणसाने तीच धरावी. प्रेमा तर आधीच एका दगडावर बसली होती. पावलं सुजली होती, ओठ पांढरे पडले होते. ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही सगळे पुढे व्हा. मी या वाटेने उतरते."

सुगंधा तिच्या शेजारी बसली. गुळाचा खडा तिला दिला, आपल्या पाण्यातलं पाणी दिलं. "मी पुढे झालंय तर शेवटाक कोण?" ती म्हणाली. "तू उतारलंस तर मी तुझ्या मागसून उतारतलंय. चढलंस तर मागसून चढतलंय. घाय नाय." तिने खरंच घाई केली नाही. तिच्या मनात एवढंच होतं, की वाटी आपण उचलली आणि त्या माणसाची रांग इथे तुटतेय. पण ते ती प्रेमाला बोलली नाही. ते ओझं त्या पोरीच्या पायांवर टाकायचं नव्हतं.

बऱ्याच वेळाने प्रेमा उठली. वाटेकडे बघितलं, टेपाडाकडे बघितलं. "कसं चढता हो तुम्ही रोज?"

"डोक्यार हंडो आसा असा समज. वर बघलंस तर सांडतलो. पुढच्याची टाच बघ फक्त."

तसे ते चढले. पुढच्याची टाच बघत, थांबत, बसत, पुन्हा उठत. गुणाजीची हाक वरून येत राहिली आणि तिचं उत्तर जात राहिलं. पेबच्या टाक्यापाशी पोचले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. पाणी गार होतं. प्रेमाने ओंजळीत तोंड बुडवलं आणि तशीच रडली.

माथ्यावर सगळे पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले. सुगंधाने भटवाडी शोधली. काही दिसलं नाही. धुरकट पट्टा, त्यात मुंबई असेल म्हणायचं. तिथून ही रांग दिसते, इथून तिथलं काही दिसत नाही, याचं तिला फार वाईट वाटलं. आता नावं घ्यायची होती. गुणाजी म्हणाला, "वयनी, घाड्यांच्या घरची तुमी. दुसऱ्या कोणी घेवक नाय."

गावात बाई कधी गाऱ्हाण्याला उभी राहिली नव्हती. पण गाऱ्हाणं सुरू झालेलं होतं आणि ते पुरं करायला घाड्यांपैकी इथे तीच होती. तिने पदर खोचला. शब्द तिला माहीत होते. शेजारच्या चुलीवरचं आधण कानाला कळावं तसे ते तीस वर्षं घरात तिच्या कानावर पडत होते.

"बा राखणदारा, तुज्या वाटेर घातलेली लेकरा इली रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"गुणाजी इलो."

"व्हय म्हाराजा."

"नंदकिशोर इलो. प्रेमा इली." एकेक होकार पडत गेला. शेवटी स्वतःचं नाव आलं. "सुगंधा इली." लोक व्हय म्हाराजा म्हणाले आणि हात जोडायला लागले. तिने हात वर करून त्यांना थांबवलं. पायातल्या हंटर शूजकडे तिने पाहिलं. जिभेवर आयुष्यभर न ठेवलेलं एक नाव उचलायचं होतं, आणि रीत अशी, की ज्याचं नाव जाताना आलं नाही त्याचं येतानाही घेत नाहीत. दोन्ही रीती तिला ठाऊक होत्या.

"आणि शेवटाक," ती म्हणाली, "लवू इलो."

सगळे गुणाजीकडे बघत होते. त्याने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले, आणि म्हणाला, "व्हय म्हाराजा." मग सगळे म्हणाले.

नेरळला उतरून, गाडी पकडून, ती भटवाडीची चढण चढली तेव्हा घराघरात जेवणं चालली होती. पायऱ्या तिला लागल्याच नाहीत. लवू दाराबाहेर खुर्ची टाकून बसला होता. मीरा म्हणाली, सकाळी हट्टाने टाकीपर्यंत गेला, रांग बघून आला, तेव्हापासून या खुर्चीतच आहे. त्याने सुगंधाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. लुगड्याला कुसळं, चेहरा काळवंडलेला, बुटांवर लाल माती.

"मागे कोण?" त्याने विचारलं.

"मागे कोण नाय."

"वाटी गावली?"

ती चमकली. म्हणजे त्याला माहीत होतं. त्या दिवशी नाही, पण मंडळ निघून गेल्यावर कधीतरी, पडल्यापडल्या, त्याने मनात रांग चालून पाहिली असणार, आणि आता कळवायचं कोणाला म्हणून दिवसभर खुर्चीत बसला असणार. "गावली," ती म्हणाली. "चढलव तिच्यार."

"सगळी?"

"सगळी."

मग त्याने हळूच विचारलं, "नावां कोणी घेतल्यान?"

"मी."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची," सुगंधा म्हणाली. त्याने मान वर करून पाहिलं. ती त्याच्या नजरेला नजर देऊन उभी राहिली. "तुमचाव," ती म्हणाली.

लवू खुर्चीवरून खाली उतरला, पायरीवर बसला आणि तिच्या पायातल्या बुटांच्या नाड्या सोडू लागला. गाठी मातीने घट्ट बसल्या होत्या आणि मधे मधे त्याला दम घ्यावा लागत होता. तिने मदत केली नाही. त्याचं होईपर्यंत ती भिंतीला हात लावून तशीच उभी राहिली.